कारणांची कोरी जागा

अमेरिकेतल्या मिनेसोटात न्यायाधीशाला शिक्षा मनाने ठरवावी लागत नाही. तक्ता असतो. एका बाजूला गुन्हा, दुसऱ्या बाजूला जुनी पापं, आणि दोन्ही रेषा मिळतात त्या चौकटीत तुरुंगाचे महिने छापलेले. आज समोर उभ्या असलेल्या डेल कोवालिकच्या चौकटीत अठ्ठेचाळीस होते.

"कमी करायचे तर कारणं लिहा, जजबाई," म्हातारा कारकून ऑरिन सकाळीच म्हणाला होता. "दया फार महाग पडते. तक्त्यातलं दिलं की पेनाचं टोपणसुद्धा काढायला नको."

जज व्हर्नाबाई हसल्या नाहीत. कारणं त्यांनी चार दिवस मनात जुळवली होती. डेलने दारू पिऊन गाडी चालवली आणि गोठलेल्या तळ्यावरून मासे घेऊन परतणाऱ्या हार्लनला उडवलं; तो जागीच गेला. हार्लन त्याचा तीस वर्षांचा दोस्त. तेव्हापासून चौदा महिने डेल जामिनावर होता, आणि प्यायला नव्हता.

हार्लनची बायको मर्लिस बोलायला उभी राहिली.

"आधी मीच म्हणायचे, सडू दे मेल्याला तुरुंगात. पण हा दर शनिवारी येऊन लाकडं फोडून जातो. दोन महिने मी दार उघडलं नाही. आता कॉफी देते. हार्लनचं नाव काढलं की सगळे विषय बदलतात हो. त्याच्याबद्दल बोलायला मला हा एकच उरलाय. याला नेऊ नका."

व्हर्नाबाईंना भरून आलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. रिवाजाप्रमाणे विचारलं, "डेल, तुम्हाला काही सांगायचंय?"

"द्याल ते भोगेन," डेल म्हणाला. "एवढंच सांगतो, पुन्हा थेंबाला शिवणार नाही."

आठ वर्षांपूर्वी ट्रॉय नावाचा माणूस याच जागी हेच बोलला होता. व्हर्नाबाईंनी विश्वास ठेवून त्याला घरी पाठवलं. पाचच महिन्यांनी त्याच्या गाडीखाली सात वर्षांची मुलगी गेली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे ताक ओतूनच दिलं.

"अठ्ठेचाळीस महिने," त्या म्हणाल्या.

डेलला बेड्या घातल्या. त्याने मान खाली घालून हात पुढे केले होते.

"का, ते तरी सांगा," मर्लिसने विचारलं. आवाज चढवला नाही तिने.

ऑरिनने कागद पुढे सरकवला. कारणांची जागा कोरी होती, आणि कायद्याने ती कोरीच चालत होती. व्हर्नाबाईंना तिथे एकच नाव लिहिता आलं असतं. ते डेलचं नव्हतं.

त्यांनी खाली सही केली. मर्लिस अजून उभीच होती.