बुधवारचा सोबती

भिजलेल्या नोंदवह्या चर्चच्या बाकांवर उघडून ठेवल्या होत्या. चार दिवस झाले तरी त्या पुरत्या वाळल्या नव्हत्या; पानं एकमेकांना चिकटून फुगली होती. शंभर वर्षांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं त्यांत लिहिलेली होती, आणि आता बऱ्याच ठिकाणी शाईचे नुसते ओघळ उरले होते. एक म्हातारी बाई आपल्या आईचं नाव शोधत पानावरून हलकेच बोट फिरवत होती.

"मागच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?" पाळकसाहेबांनी भरल्या सभेत विचारलं.

"माझ्याकडे," भोंगा म्हणाला.

"मग बेसिनची तोटी उघडी कशी राहिली?"

भोंग्यानं जरा विचार केला. "खोली बंद करायचं काम माझं होतं, साहेब," एवढंच तो बोलला.

तिसऱ्या बाकावर बसलेल्या कवळीवाल्यानं मान खाली घातली. तोटी कुणी उघडली होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानंच उघडली होती.

कवळीवाला दातांच्या कवळ्या करायचा. गेली एकतीस वर्षं दिवसभर प्लास्टरचे साचे ओतायचे, मेणात दात बसवायचे, घासूनपुसून चकचकीत करायचे, हेच त्याचं काम. गावातले निम्मे म्हातारे त्याच्या हातच्या दातांनी हसतात, असं तो गमतीनं म्हणायचा. पण बायको गेल्यापासून त्याचं स्वतःचं हसणं आटलं होतं. मुलगा दूरच्या शहरात. कवळ्यांच्या प्रयोगशाळेतली माणसं चांगली होती, पण त्याच्या धर्माचं तिथं कुणी नव्हतं. डबा उघडण्याआधी तो डोळे मिटायचा तेव्हा सगळे समजूतदारपणे गप्प व्हायचे, आणि त्या समजूतदारपणानंच त्याला जास्त एकटं वाटायचं. चर्चमध्येही तेच. उपासना संपली की लोक आपापल्या घोळक्यांत जायचे. हा गायनांचं पुस्तक उगाच चाळत बसायचा, म्हणजे कुणासाठी तरी थांबलोय असं दिसावं. घरी येऊन तो प्रार्थना करायचा: देवा, एक माणूस दे, ज्याच्यापाशी मन मोकळं करता येईल.

देवानं भोंगा दिला. आणि खरं सांगायचं तर कवळीवाल्याचा जरा हिरमोड झाला. त्याच्या मनात कुणी शिकलासवरला माणूस होता, शास्त्रावर चार गोष्टी बोलणारा. भोंगा चर्चची झाडलोट करायचा, मागच्या खोलीशेजारच्या पडवीत राहायचा आणि गायनं इतकी मोठ्यानं आणि बेसूर म्हणायचा की मुलांनी त्याचं नावच भोंगा ठेवलं होतं. एका रविवारी तो सरळ येऊन कवळीवाल्याच्या शेजारी बसला. म्हणाला, "दादा, तुम्ही दर रविवारी एकटेच निघता. बुधवारी दुपारी येत जा. दोघं मिळून प्रार्थना करू."

कवळीवाला गेला, तो भिडेपोटी. पण जातच राहिला. मागच्या खोलीत दोन स्टुलांवर बसून दोघं अर्धा तास प्रार्थना करायचे. भोंगा देवाशी शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलायचा. बायकोच्या शेवटच्या दिवसांबद्दल कवळीवाला पहिल्यांदा बोलला तो त्याच खोलीत, आणि भोंग्यानं उपदेश न करता नुसतं ऐकून घेतलं. दोन वर्षांत एकही बुधवार चुकला नव्हता.

तरी रविवारी चारचौघांत भोंग्यानं हाक मारली की कवळीवाला इकडेतिकडे बघायचा. त्याला स्वतःलाही ते कळत होतं.

त्या बुधवारी तो कामावरून तसाच आला होता, नखांत प्लास्टर भरलेलं. जायच्या वेळी हात धुवावेत म्हणून त्यानं तोटी फिरवली. पाणी गेलेलं होतं. त्यानं फडक्याला हात पुसले, फडकं बेसिनमध्येच टाकलं आणि पुढचं दार लावायला गेलेल्या भोंग्यामागे निघून गेला. तोटी तशीच राहिली. पाणी आलं ते रात्री कधीतरी, आणि फडक्यानं बेसिन तुंबून सकाळपर्यंत बेसिनलगतच्या नोंदवह्यांच्या कपाटाच्या खालच्या दोन फळ्या पाण्यात गेल्या.

सभेत त्यानं तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? चार जणांनी नाक मुरडलं असतं, इतकंच. पण त्याच आठवड्यात मंडळींनी त्याचं नाव चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळासाठी सुचवलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याची आठवण काढली होती. त्यानं खाली घातलेली मान वर केलीच नाही. महिनाअखेर भोंग्यानं काम आणि पडवीतली खोली सोडावी, असं ठरलं.

भोंग्याला बसडेपोत गाड्या धुवायचं काम मिळालं. पहिल्याच बुधवारी दुपारी तो प्रयोगशाळेच्या दाराशी हजर. पँट गुडघ्यापर्यंत ओली.

"तिथली खोली गेली, पण बुधवार आहेच की," तो म्हणाला.

मागच्या अंगणात प्लास्टरच्या गोण्यांवर दोघं बसले. भोंग्यानं नेहमीसारखी प्रार्थना केली, नव्या कामाबद्दल आभार मानले, दादांच्या मुलाचं भलं मागितलं. कवळीवाल्याच्या तोंडून आमेनसुद्धा निघेना. शेवटी त्यानं सगळं सांगून टाकलं, एका दमात.

भोंग्यानं ओल्या पँटचा काठ पिळला.

"माहीत होतं, दादा. तोटीवर पांढरी बोटं उठली होती. सगळे यायच्या आत मी पुसून काढली."

"मग बोलला का नाहीस?"

"ते तुम्ही बोलायचं होतं." त्याच्या आवाजात राग नव्हता, पण त्यानं वरही पाहिलं नाही. "मी वाट बघत होतो. सभेत बघितली, नंतरही बघितली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?"

"आणि तरी आलास?"

"दोस्ताकडे आलो. दुसरं कोण आहे मला?"

कवळीवाल्यानं आजवर असा विचारच केला नव्हता. एकटा आपणच आहोत, असं तो धरून चालला होता.

पुढच्या रविवारी उपासना संपता संपता तो उभा राहिला आणि भरल्या चर्चसमोर त्यानं सांगितलं, की तोटी त्यानं उघडी टाकली, आणि दोष दुसऱ्यावर जाताना तो गप्प बसला. भोंग्याला त्याचं काम आणि खोली परत द्यावी, अशी त्यानं विनंती केली. पाळकसाहेबांनी डोळे पुसले. म्हणाले, असं कबूल करायला छाती लागते. कामाचं मात्र आता अवघड आहे. नवा माणूस बायकामुलांसह पडवीत राहायला आलाय, त्याला कसं काढायचं?

मग लोक उठून त्याच्याभोवती जमले. कुणी पाठ थोपटली, कुणी जेवायला बोलावलं. इतकी माणसं त्याच्याशी कधीच बोलली नव्हती. आईचं नाव शोधणाऱ्या त्या म्हातारीनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना.

तिच्या डोक्यावरून त्याला पलीकडचे बाक दिसत होते. भोंगा सवयीनं गायनांची पुस्तकं गोळा करत चालला होता. चौथ्या बाकापाशी तो एकदम थांबला. हातातला ढीग त्यानं बाकाच्या टोकाला ठेवला, कडा जुळवून नीट केला, आणि नवा माणूस तो उचलायला आला तेव्हा वाट देण्यासाठी भिंतीला टेकून बाजूला उभा राहिला.