तळाचा बर्फ

"अरे, मोजे घाल हातात," असं माझ्या तोंडून निघेपर्यंत नेव्हिलने भट्टीतला ट्रे उघड्या हातांनी उचलून टेबलावर ठेवलासुद्धा. मेंढीची तंगडी भाजलेला ट्रे, चांगला तापलेला. त्यावर वाकून तो मजेत वास घेत होता.

"रोझमेरीचा पाला घालताना हात आखडलास, ग्लेनिस."

मी त्याचे हात धरून उलटे केले. तळव्यांवर लाल पट्टे उमटत होते. बोटं मात्र मुळापासून टोकापर्यंत मेणासारखी पांढरी होती.

"कधीपासून चाललंय हे?"

"कुठे काय?"

"मी येडी दिसते का तुला?"

त्याने हात खिशात घातले. "मागच्या उन्हाळ्यापासून. थंडीत जरा रुसतात."

"रुसत नाहीत, मेलीत ती. भाजलेलं कळलं नाही तुला."

"झाकली मूठ सव्वा लाखाची. थुईला बोलू नकोस म्हणजे झालं."

थुई लाम ही अंटार्क्टिकातल्या आमच्या तळाची प्रमुख. मेलबर्नची, बुटकी, कमी बोलणारी. तिला कळलं असतं तर गुरुवारच्या विमानात नेव्हिलचं सामान सर्वांत आधी चढलं असतं, आणि नेव्हिलला नेमकं तेच नको होतं. सलग चार उन्हाळे आमचं ड्रिल बर्फात खाली खाली चाललं होतं. खालचा खडक आता दोन दिवसांवर आला होता, आणि त्याच्या वरचा शेवटचा बर्फ आपल्याच हातून कापला जावा एवढं एकच त्याच्या मनात होतं.

नेव्हिल मूळचा खाटीक. आम्ही दोघंही टास्मानियातल्या सिग्नेट गावचे. त्याच्या दुकानातून मी वर्षानुवर्षं चॉप्स आणले आणि दर वेळी वजनावरून भांडले. दुकान विकल्यावर घरी बसून तो कुढायला लागला होता. तेवढ्यात बर्फाचा अभ्यास करणाऱ्या या लोकांना विजेच्या करवतीवर हात बसलेला माणूस हवाय असं कानावर आलं, आणि हा पठ्ठ्या मेंढ्या सोडून बर्फ कापायला दक्षिण ध्रुवाच्या वाटेला लागला. पुढच्या वर्षी इथली स्वयंपाकीण पळाली तेव्हा माझं नाव त्यानेच सुचवलं. उपकार केले की सूड उगवला, ते अजून ठरायचंय.

त्याचं काम सांगायला सोपं. ड्रिल खालून बर्फाचं लांब कांडं वर आणतं. बर्फातच खोदलेल्या खंदकात ते टेबलावर येतं आणि नेव्हिल ते उभं चिरतो. एक फाळकं तपासायला होबार्टला, एक परदेशात, एक इथेच जपून ठेवायला. तिथे उघड्या हाताने कुणी कशाला शिवायचं नाही, कांड्यावर श्वासही सोडायचा नाही.

"मेल्या, पुन्हा पुन्हा कशाला येतोस इथे मरायला?" असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर तो मला खंदकात घेऊन गेला. टेबलावरच्या कांड्याखाली त्याने दिवा लावला आणि ते आतून उजळलं. इथे वर्षभरात बर्फ पडतो तोच जेमतेम. खाली त्याच्यावर इतकं ओझं येतं की अख्खं वर्ष दबून नखाहून पातळ होतं. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. त्या काचेसारख्या कांड्यात एक करडा धागा आडवा गेला होता.

"राख आहे," तो हळूच म्हणाला. "कुठला तरी डोंगर फुटला, त्याची. बघायला माणूस नव्हता तेव्हा. आपणच पहिले बघतोय."

मी खाली उतरले तेव्हा डोक्यात रात्रीचा रस्सा होता. तो कुठल्या कुठे गेला. आपण या जगात फारच उशिरा आलो, आणि तरी हे बघायला नेमके वेळेवर पोचलो, असं काहीसं वाटलं. त्यानंतर मी त्याला तो प्रश्न कधी विचारला नाही.

म्हणून त्या दिवशी ट्रेपाशी मला त्याचा रागही आला आणि त्याची दयाही आली.

"ती करवत आहे, नेव्हिल. तिला बर्फ काय अन् बोट काय, सारखंच. आणि तुला तर बोट गेलेलंही कळणार नाही."

"दोन दिवस, ग्लेनिस. खडक लागू दे. मग मीच सांगतो तिला."

"बुधवारी जेवणापर्यंत. नाहीतर मी सांगेन, आणि चढवून सांगेन."

त्या दोन दिवसांत माझा पाव दोनदा बिघडला. बर्फाच्या पठारावर एवढ्या उंचीवर पीठ आधीच चढेल असतं, लक्ष नसलं की भसाभसा फुगतं आणि बसतं. लोक दगडासारखा पाव मुकाट्याने चावत होते. तक्रार फक्त नेव्हिलने केली.

बुधवारी सकाळी मी चहाचे थर्मास घेऊन खंदकात उतरले. करवत चालू होती. थुई पलीकडे वाकून फाळकी पिशव्यांत भरत होती. नेव्हिलने नवं कांडं पुढे सरकवलं, अर्ध्यावर नेलं आणि करवत बंद केली.

तो आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. मोज्याचं एक टोक साफ कापलं गेलं होतं. आतलं अस्तर बाहेर आलं होतं आणि त्यातून बोटाचं पांढरं टोक दिसत होतं. बोट शाबूत होतं, ओरखडाही नव्हता. दोन्ही हात छातीशी धरून तो टेबलापासून मागे सरला, पाठ भिंतीला लागेपर्यंत.

"थुई, मला इथून काढ."

"लागलं का?" ती धावत आली.

"नाही लागलं. पण लागलं असतं तरी मला कळलं नसतं. हातांना काही कळत नाही माझ्या. मागच्या उन्हाळ्यापासून."

थुईने करवतीची वीज तोडली.

"बोटाचं काय एवढं," नेव्हिल म्हणाला. "आमच्या धंद्यात सगळी बोटं घेऊन कोण घरी जातो? पण त्याच्यावर रक्त पडलं असतं ना. सगळा जन्म रक्तात गेला माझा, कधी काही वाटलं नाही. पण माणूस जन्मला नव्हता तेव्हाचा बर्फ तो. त्याच्यावर माझ्या रक्ताचा थेंब पडला असता, तर मी कुणाला तोंड दाखवणार होतो?"

थुईने टेबलावरचं कांडं वाकून नीट पाहिलं. मग त्याचा मोजा काढून बोटं पाहिली, एकेक दाबून.

"उद्याच्या विमानाने जायचं," ती म्हणाली.

"हो."

"करवतीला आता हात लावायचा नाही."

"नाही लावत."

ती माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग उभी काय राहिलीस? चहा दे त्याला."

ड्रिल तळाला टेकलं ते त्याच दिवशी दुपारी. मोटारीचा आवाज चिरका झाला आणि ड्रिलवाल्याने हात वर केला. मी चुलीवरचं सगळं टाकून धावले. तळावरचे सगळेच खंदकात जमले होते. शेवटचं कांडं टेबलावर आलं आणि थुईने ते स्वतः कापलं, सावकाश, दातांत ओठ धरून. नेव्हिल भिंतीशी उभा होता, हात काखेत घातलेले. मी बर्फाकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होते. करवत पुढे जाईल तसे त्याचे खांदे पुढे जात होते.

कांड्याचं खालचं टोक तपकिरी निघालं. माती होती ती. आम्ही उभे होतो तिथे तीन किलोमीटर खाली जमीन होती, आणि कधीतरी तिच्यावर आपल्या अंगणात पडतं तसं ऊन पडलं होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ड्रिलवाल्याने टोपी काढली. मी रडले, आणि त्याची मला लाज वाटली नाही. नेव्हिल टेबलापाशी आला नाही, लांबूनच मान पुढे काढून बघत राहिला.

संध्याकाळी तो स्वयंपाकाच्या तंबूत नुसता बसून होता. सामान बांधून झालं होतं. कांदे कापू का म्हणून त्याने विचारलं आणि स्वतःच नको म्हणाला. तेवढ्यात थुई आत आली. तिच्या हातात वाडगा होता, वाडग्यात ड्रिलच्या नळीत उरलेला बर्फाचा एक कपचा.

"नोंदी झाल्या त्याच्या," ती म्हणाली. "धर."

"मोजे?"

"राहू दे."

नेव्हिलने तळवा पुढे केला. तिने त्यावर कपचा ठेवला. तंबूच्या उबेत तो लगेच वितळायला लागला आणि त्यातून तडतड ऐकू येऊ लागली, अगदी बारीक. आतली हवा बाहेर पडत होती. माणसाचा मागमूस नव्हता तेव्हा कोंडलेली ती हवा माझ्या कांद्याच्या वासात मिसळत होती. आम्ही तिघं डोकी एकत्र करून ऐकत राहिलो.

नेव्हिलने माझ्याकडे पाहिलं. "गार आहे का गं?"

मी कपच्यावर बोट ठेवलं. "आहे रे. खूप गार आहे."

त्याने मान हलवली. तळव्यात पाणी साठलं, बोटांच्या फटींतून ओघळलं, मनगटावर आलं आणि हळूहळू त्याच्या बाहीत उतरलं. कोपराच्या अलीकडे कुठेतरी पोचलं असेल. नेव्हिल एकदम शहारला.

"लागलं," तो म्हणाला. हात त्याने तसाच धरून ठेवला, आणि थुईने त्याची बाही सैल केली.