डोहात पहिली उडी माझी

मी एक जुनी ट्यूब आहे, आणि मित्रांनो, माझी कीव करायची मुळीच गरज नाही. अंगावर नऊ ठिगळं आहेत, एका बाजूने जास्त फुगते, दुसऱ्या बाजूने कमी. तरी सायवनजवळच्या धबधब्याखालच्या डोहात माझ्याआधी उतरायची कुणाची टाप नाही.

जन्म कारखान्यातला, तो आठवत नाही. आठवतो तो ट्रक. अहमदाबाद-मुंबई रस्त्यावर टायरच्या पोटात कोंडून मी वर्षानुवर्षं धावले. ड्रायव्हर काठीने ठोकून "एकदम टाइट!" म्हणायचा, तेही टायरला. पुढे ट्यूबलेस टायर आले आणि अच्छाडच्या पंक्चरवाल्याने मला दुकानाबाहेरच्या खांबावर पाटीसारखं टांगलं. दोन उन्हाळे मी तिथे धूळ खात लटकले.

मला खाली उतरवलं गंगीने. सायवनच्या बाजूला एका पाड्यावर तिचं भाताचं शेत आहे. लावणी उरकली की ती शहरातल्या पाहुण्यांना डोंगरवाटेने धबधब्यापर्यंत नेते. "ही माना दे दादा, पान्यात कामाला येल," ती म्हणाली. मला कुणी आपणहून मागून घेतलं ते पहिल्यांदाच. खोटं कशाला बोलू, मी सुखावले.

गंगीची एक रीत आहे. कुणीही पाण्यात उतरण्याआधी ती मला लांब दोर बांधून डोहात फेकते. मी गरगरत काठाला आले, तर खुशाल पोहा. कातळाखाली ओढली गेले, तर त्या दिवशी पोहणं बंद. वरून डोह रोज सारखाच दिसतो. खालची ओढ मला कळते.

गेल्या श्रावणात तुषार पाहुणे घेऊन आला. तो डहाणूच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर, गंगीला पाहुणे मिळतात ते त्याच्यामुळेच. दोन तास चढून सगळे घामाघूम झाले होते. त्यांच्यात बोरिवलीची दक्षा होती, पोहण्याच्या स्पर्धा जिंकलेली. तिने चष्मा चढवला, केस टोपीत कोंबले. गंगीने मला फेकलं आणि कातळाखालच्या पाण्याने मला असं धरलं की सुटताच येईना. दोर ताठ झाला.

"आज नाय," गंगी म्हणाली.

"गंगीताई, काय हे? जुनी ट्यूब आहे, वाकडी तरंगते," तुषार म्हणाला. "मी यांना स्विमिंग सांगून आणलंय."

वाकडी! चांगलंच झोंबलं मला.

"मावशी, मी रोज पन्नास लॅप मारते," दक्षा हसली. "आता ट्यूबला विचारून पोहायचं का?"

"ट्यूबला नको इचारू. दोराला इचार." गंगीने दोर सरळ तिच्या हातात दिला.

तुषारचा पारा चढला. "असं असेल तर उद्यापासून मी पाहुणे दुसऱ्या पाड्यावर नेतो."

"ने ना भाऊ. पन आज कोनी उतरायचा नाय."

हंगामाचं काम या एका बोलण्यात गेलं, हे तिला कळत होतं. आवाज मात्र जरासुद्धा हलला नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

दक्षाने दोर ओढला. मी जागची हलले नाही. तिने टाचा रोवल्या, तर दोरानेच तिला दोन पावलं पुढे खेचलं आणि ती मटकन खडकावर बसली. तळहात सोलवटले. गंगीने झेप घेऊन दोर धरला, मग तुषारनेही. तिघांनी ओढलं तेव्हा कुठे मी सुटले, पण कातळाच्या धारेने माझी कूस फाडली होती. बाहेर आले ती चिंधी होऊन.

"गेली तुमची ट्यूब," तुषार पुटपुटला.

"ट्यूब गेली. बाय हाय ना?" गंगी म्हणाली.

दक्षाने गुपचूप टोपी काढली. परतताना तिनेच मला खांद्यावर घेतलं आणि गाडीतून हायवेवरच्या चारोटीला उतरवलं. "फेका हो, नवी घ्या," तिथला पंक्चरवाला म्हणाला. "नवी नको, हिलाच ठिगळ लावा," ती म्हणाली आणि काम होईपर्यंत बाकड्यावरून उठली नाही. हे माझं नववं ठिगळ, चांगलं वीतभर आहे. दुसऱ्या दिवशी ती मला गंगीच्या दारात पोचवून गेली.

तुषार आपल्या शब्दाला जागला, तीन आठवडे फिरकला नाही. गंगीही मनधरणी करायला गेली नाही. ती शेतातलं तण काढायची आणि रोज माझी हवा तपासायची. मग एका रविवारी तुषार नवे पाहुणे घेऊन हजर. "तिकडे पाण्याची ओढ न बघताच माणसं उतरवतात," एवढंच तो दुसऱ्या पाड्याबद्दल म्हणाला. एक पाहुणा शर्ट काढून डोहाकडे धावला. गंगीने तोंड उघडायच्या आत तुषारच ओरडला, "थांबा! आधी ट्यूब!"

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना उन्हात टाकू नका, खिळ्याला टांगू नका, हे तर मी सांगणारच. उन्हाने रबर तडकतं. पण माझी खरी मागणी वेगळी आहे आणि ती मी हात जोडून करत नाही. मी काठाला आले नाही, तर तुम्हीही काठावरच बसा. रुसा, चिडा, मला शिव्या घाला. मी जुनी आहे, वाकडी आहे, आणि मी नाही म्हटलं की नाही.