दोन भावांच्या भिंतीतली भेग

मी भेग बोलतेय. दचकू नका, भिंत पडत नाहीये. पडायची असती तर मी गप्पा मारत बसले असते का?

माझा जन्म एका सामायिक भिंतीत झाला. अलीकडे थोरला भाऊ राहतो, तो चष्मे विकतो. पलीकडे धाकटा, तो पाव भाजतो. मागे विहीर दोघांत एकच. सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं, तोवर एका कंपनीला सुगावा लागला की इथल्या खडकात गॅस आहे.

गॅस काढायची रीत मोठी अजब. जमिनीत खोल भोक पाडायचं, त्यात पाणी, वाळू आणि कसली कसली रसायनं भयंकर दाबाने सोडायची, म्हणजे खडक तडकतो आणि गॅस वर येतो. खाली माझ्या हजारो बहिणी अशा मुद्दाम जन्माला घातल्या. मी मात्र न मागता झालेलं शेंडेफळ.

थोरल्याने कंपनीच्या करारावर सही केली, धाकट्याने नाही. पण कुंपण जमिनीवर घालता येतं, जमिनीखाली कोण घालणार? एका दुपारी घर हललं, कपाटातले चष्मे खडखडले आणि मी छतापासून सरसर खाली उतरले. पाठोपाठ विहिरीच्या पाण्याला वास सुटला. पाव औषधासारखा लागू लागला, गिऱ्हाईक फिरकेना. धाकट्याने कंपनीला कोर्टात खेचलं आणि भावाशी अबोला धरला.

पाण्यात काय मिसळता, असं विचारलं तर कंपनी म्हणे, ते आमच्या धंद्याचं गुपित.

"मी पावात काय घालतो ते पिशवीवर छापतो," धाकटा म्हणाला, "आणि ह्यांचं गुपित मी प्यायचं?"

भाऊ बोलेनात, पण जावांचं माझ्यातून छान चालू होतं. "ताई, साखर आहे का?" इथपासून सुरुवात, मग नवऱ्यांच्या तक्रारी. माझं तोंड लहान, कान मात्र तिखट.

एकदा थोरला भिंतीला टेकून चष्म्याची काडी बसवत होता. पलीकडे धाकटा वास आलेलं पीठ फेकून देत होता.

"तुमच्या दादांनीच हे ओढवून आणलं," त्याची बायको म्हणाली.

"असं म्हणू नकोस. हे होणार ठाऊक असतं तर दादाने सही केली असती का?"

थोरल्याच्या हातातला स्क्रू निसटला. तो शोधायला वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

खटला अडला तो माझ्या जन्मतारखेवर. कंपनीचं म्हणणं, भेग जुनीच आहे. साक्षीला त्यांनी थोरल्यालाच उभं केलं. करारात अट होतीच, कंपनीविरुद्ध अवाक्षर काढायचं नाही. मला काही कोर्टात जाता आलं नाही, पण घडलं ते जावांनी संध्याकाळी हसत हसत सांगितलं.

"भिंत जुनी, म्हणजे भेगही जुनीच ना?" वकिलाने विचारलं.

थोरल्याने चष्मा पुसला. "नाही. जुनी असती तर मला इतकी वर्षं झोप लागली नसती."

"म्हणजे?"

"हा घोरतो, हे मला घर हललं त्यानंतर कळलं. त्याआधी भिंतीतून चकार शब्द येत नव्हता."

"मी घोरत नाही," धाकटा उठून म्हणाला.

"घोरता," शेजारून त्याची बायको म्हणाली. न्यायाधीशांनी तेही लिहून घेतलं म्हणे.

हुकूम झाला: रसायनांची नावं सांगेपर्यंत आणि पाणी तपासेपर्यंत काम बंद. कंपनी लगेच वरच्या कोर्टात गेली. थोरल्याला करार मोडल्याची नोटीस आली. ती धाकट्याने थोरल्याच्याच ओट्यावर बसून वाचली आणि तो म्हणाला, "दादा, आता माझाच वकील तुलाही."

मी पुरावा ठरल्यामुळे मला बुजवायला बंदी आहे. कोर्टाचे साहेब येतात, मोजायची पट्टी लावतात, आणि मी वाढले की नाही यावर दोन वकील हमरीतुमरीवर येतात. एवढं कौतुक कुणाच्या लेकीचं होत नसेल.

पण छताजवळच्या माझ्या टोकातून गार वारा शिरतो, थोरली जाऊ रात्रभर कुडकुडते. धाकटा अजून लांबून कॅनने पाणी आणून पीठ मळतो. म्हणून वरच्या कोर्टातल्या साहेबांना माझी एवढीच विनंती: निकाल लवकर लावा. आधी विहीर निवळू दे, मग गवंड्याला खुशाल बोलवा. तो थापी घेऊन आला तर मी हूं की चूं करणार नाही.