अंगठ्याखालची बारा बटणं

"हा बघा," कॉम्प्युटरच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी तिसरा माउस काउंटरवर ठेवला. "याच्या डाव्या कुशीला बारा बटणं आहेत. सगळी अंगठ्यानं दाबायची. हल्लीची पोरं याच्यावरच तुटून पडतात. मुलगा केवढा आहे तुमचा?"

"मलाच हवाय," ती म्हणाली.

मालकीणबाईंनी चष्मा नाकावर खाली सरकवून तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या कोटाच्या डाव्या बाहीकडे. बाही कोपराच्या थोडी वर दुमडून पिनेने टाचलेली होती. काउंटरवरचे रिकामे डबे त्यांनी बाजूला सारले आणि तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं. तिला ते बरं वाटलं. अपघातापासून लोक आधी हळहळायचे आणि मग बसायला सांगायचे.

तिचा नवरा मागे उभा होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. या सगळ्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण तिच्या खांद्यावरून वाकून तो बटणं न्याहाळत होता. "बारा मजल्यांची इमारतच आहे की ही," तो म्हणाला. मालकीणबाई हसल्या. तीही हसली, आणि हसताना डावा हात तोंडाशी न्यायला गेली. हात आला नाही. खांदा तेवढा हलला.

ती खोकी बनवायच्या कारखान्यात पुठ्ठा कापायच्या यंत्रावर होती. लग्नाच्या आधीपासून तिथेच. उन्हाळ्यातल्या एका दुपारी अडकलेला पुठ्ठा ओढायला तिने हात घातला आणि यंत्र खाली आलं. यंत्रात काहीतरी सैल झालं होतं एवढंच नंतर समजलं. बरी होऊन परत गेल्यावर तिला खिडकीजवळ टेबल मिळालं, तयार खोक्यांवर शिक्के मारायचं काम मिळालं. यंत्र मात्र त्याच शेडमध्ये होतं. दुसरी बाई ते चालवायची. ते खाली आलं की इकडे हिचा खांदा मागे खेचला जायचा. दर वेळी. शेजारच्या टेबलावरच्या बायका तिच्याकडे बघायचं टाळू लागल्या होत्या.

पण दिवस तरी निभत होता. खरा त्रास संध्याकाळी सुरू व्हायचा. घराघरांत दिवे लागले की तो हात यायचा. आधी मनगट जड व्हायचं, मग एकेक बोट जागं व्हायचं. आणि ती बोटं स्वस्थ बसायची नाहीत. मधलं बोट दाबलं जायचं, सुटायचं, पुन्हा दाबलं जायचं. तर्जनी बाजूला सरकायची. अंगठा कीबोर्डच्या लांबलचक पट्टीवर टेकायचा. भाजी परतता परतता ती थांबायची, कारण ती हालचाल ती ओळखत होती. हात खेळत होता.

खेळाचं वेड तिला लावलं धाकट्या भावाने. तो समुद्रापलीकडच्या एका देशात शीतगृहात कामाला होता. फोनवर दोघांना बोलता यायचं नाही. जेवलास का, जेवलीस का, थंडी आहे का, यापुढे गाडी सरकायचीच नाही. मग एकदा सुट्टीवर आला असताना त्याने तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो खेळ घालून दिला. जंगलं, डोंगर, पडके किल्ले आणि त्यांत फिरणारी, जगभरातून आलेली माणसं. भाऊ तलवारवाला झाला. तिने जखमा भरून काढणारी बाई निवडली. तो पुढे जाऊन मार खायचा आणि ती मागे उभी राहून त्याला जिवंत ठेवायची. कानाला हेडफोन, हात कामात, डोळे समोर, आणि मग तोंड आपोआप उघडायचं. त्याचं मोडलेलं लग्न तिला तिथेच कळलं, खेळातल्या एका पुलावर. आईच्या आजाराचं ती त्याला तिथेच सांगत राहिली.

आई गेली तेव्हा मात्र फोन करावा लागला. तो पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत जाताना तो म्हणाला होता, "ताई, आता तुझा फोन दिसला की आधी माझे हात गार पडतात." तेव्हाच तिने मनाशी ठरवलं होतं, की पुन्हा असला फोन आपल्या हातून जाणार नाही.

म्हणून तिने अपघाताचं सांगितलंच नाही. कॉम्प्युटर बिघडलाय, म्हणाली. तो विचारत राहिला, ती पुढे ढकलत राहिली. एका संध्याकाळी नवरा कामावर असताना तिने खेळ लावून पाहिला. उजवा हात माउसवर. डावा, जो नव्हता, तो आपल्या जागी, कीबोर्डवर. बोटं दाबली जात होती, थंडगार बटणं तिला जाणवत होती, आणि पडद्यावरची बाई जागची हलत नव्हती. रस्त्यात लाकडासारखी उभी. एक अनोळखी खेळाडू तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून निघून गेला. तिने प्लग ओढून काढला आणि बराच वेळ दिवा न लावता बसून राहिली.

मागच्या आठवड्यात भावाचा निरोप आला. एकट्याने खेळण्यात राम नाही, या महिनाअखेर मीही बंद करतो, असं त्याने लिहिलं होतं. रागाने नव्हतं लिहिलं. त्यामुळेच तिला धस्स झालं.

पहिला माउस तिने लगेच नाकारला होता. त्याला दोनच जास्तीची बटणं होती. दुसऱ्याची सात बटणं गोलात बसवलेली, त्यात अंगठा रस्ता चुकायचा. हा तिसरा हातात भरला. वजनदार होता, तळव्याला टेकत होता. मालकीणबाईंनी तो दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडला आणि कोरं पान उघडून दिलं, म्हणजे कोणतं बटण दाबलं ते आकड्यात उमटेल. त्यांनी विचारलं, चालायचं कसं? एका हाताने चालणार कशी? तिने समजावलं, की वरची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली की माणूस पुढे जातो, आणि माउस वळवला की वळतो. बाकीचं सगळं अंगठ्यावर. चार बोटांचं काम एकट्या अंगठ्याने करायचं.

तिने पाच दाबायला घेतलं, आठ उमटला. पुन्हा पाच, पुन्हा आठ. मग दोन. मग भलतंच काहीतरी. आणि तेवढ्यात, भर दुपारी, कधी नव्हे तो डावा हात आला. काउंटरच्या लाकडावर बोटं पसरली. ती दाबू लागली, घाईघाईने, जणू हिला जमत नाही म्हणून स्वतःच करून दाखवायला निघाली होती. तिच्या कपाळाला घाम फुटला. काउंटरच्या त्या कोपऱ्यात फक्त तिची पिशवी होती. नवऱ्याने काही न विचारता पिशवी उचलून जागा मोकळी केली.

"त्रास होत असेल तर राहू दे, नंतर येऊ," तो हळूच म्हणाला.

"नाही. हाच घ्या," ती म्हणाली.

मालकीणबाईंनी खोक्यात बांधून देताना एवढंच सांगितलं, की पसंत नाही पडला तर परत आणा, आणि पसंत पडला तरी सांगायला या.

घरी ते चालतच निघाले. नवरा तिच्या डाव्या बाजूने चालत होता. अपघातानंतर तो नेहमी त्या बाजूने चालायचा, गर्दीत कुणाचा धक्का लागू नये म्हणून. पुलाच्या उतारावर तिने त्याला विचारलं. इतके दिवस विचारायचं राहून गेलं होतं, किंवा ती विचारत नव्हती.

"माझ्या हाताचं पुढे काय केलं हो त्यांनी?"

तो चालायचा थांबला नाही, पण त्याची पावलं आखूड झाली. मग त्याने सांगितलं. हॉस्पिटलात एका माणसाने त्याला बाजूला बोलावून विचारलं होतं, की तुम्ही नेणार आहात का, नाहीतर आम्ही बघतो. त्याच्या डोक्यात तेव्हा काहीच शिरत नव्हतं. तो 'तुम्हीच बघा' म्हणाला, सही केली आणि खाली आला. जिन्यावर बसला. बसल्यावर त्याला सुचलं, की अरे, हा तर तिचा हात. याच हाताला धरून आपण तिला घरात आणलं. तो पळत वर गेला. तोवर नेला होता.

"कुठे नेला, ते कुणी सांगेना," तो म्हणाला. "मी तिथंच उभा. तुलाच अर्धी सोडून आलोय असं वाटत होतं."

तिला वाटत होतं, हात फक्त आपल्याकडेच येतो. तो यालाही कुठेतरी भेटत असणार, लिफ्टच्या अंधाऱ्या बोळात, एकटा काम करताना. तिने बाजू बदलली, त्याच्या उजवीकडची डावीकडे आली आणि उजव्या हाताने त्याचा हात धरला. मग ते तसेच घरापर्यंत गेले.

घरी त्याने माउस टेबलावर पालथा घालून, उताणा करून पाहिला. मग हत्यारांच्या पेटीतून डिंकासारखं काहीतरी काढलं आणि बारातल्या एका मधल्या बटणावर काडीने मोहरीएवढा थेंब ठेवला. लिफ्टच्या बटणांवर असे उंचवटे असतात, त्याने सांगितलं, न बघता मजला सापडावा म्हणून. "हा तुझा तळमजला. इथून वर-खाली मोज."

आठवडाभर ती मोजत राहिली. अंगठ्याच्या कडेला फोड आला, फुटला, तिथे कातडी जाड झाली. पडद्यावरची बाई आधी भिंतींवर आपटली, मग ओढ्यात पडली, मग हळूहळू रस्त्याने नीट चालू लागली. डावा हात रोज यायचाच. ती त्याला येऊ द्यायची. तो आपल्या जागी बसून दाबत राहायचा आणि ती आपलं काम करायची.

मग तिने भावाला निरोप धाडला, की कॉम्प्युटर दुरुस्त झाला.

तो नेहमीच्या किल्ल्याशी उभा होता. तिला पाहून त्याने तलवार उंचावून तीन-चार उड्या मारल्या, आणि हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, थोडा जाडसर, झोपेतून उठल्यासारखा. कामावर जायला अजून वेळ आहे, म्हणाला. एक चक्कर मारू. ते किल्ल्यात शिरले. तो शीतगृहातल्या नव्या मुकादमाच्या नकला करत होता. आतल्या चौकात ते जनावर होतं, शिंगांचं, दोघांनी कितीदा तरी मारलेलं. तो पुढे गेला.

"ताई, तू वेगळीच चालतेयस," तो लढता लढता म्हणाला. "थांबत थांबत."

तिने काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही.

"छोट्या, ऐक. मी बरी आहे, हे आधी ऐक. माझा डावा हात नाहीये आता. कारखान्यात गेला. एका हातानं खेळतेय."

त्याची तलवार थांबली.

तो तसाच उभा राहिला, जनावराच्या पुढ्यात, हात खाली सोडून. जनावराने शिंग मारलं. त्याच्या नावाखालची, किती जीव उरलाय ते दाखवणारी हिरवी पट्टी एकदम आखडली. तिने अंगठा सरकवला, चुकली, पडद्यावरची बाई उगीचच खाली बसली. पुन्हा शिंग. तिने थेंब शोधला, त्याच्या डावीकडचं बटण दाबलं. पट्टी भरली.

हेडफोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता.

"छोट्या, बाजूला हो," ती म्हणाली. तो झाला नाही. जनावर मारत राहिलं आणि ती भरत राहिली. वरचं बटण, बाजूचं, पुन्हा वरचं. अंगठ्याची कातडी चरचरायला लागली.

"कधी?" त्याने विचारलं.

"उन्हाळ्यात."

जनावराने आणखी एक शिंग मारलं, तिने पट्टी भरली.

"दुखतो का?"

"संध्याकाळी दुखतो."

पलीकडे त्याच्या खोलीत कुणीतरी दार ठोकलं आणि त्या देशाच्या भाषेत त्याला हाक मारली. कामाची वेळ झाली असावी. पुन्हा हाक आली, जरा मोठ्याने. त्याने उत्तर दिलं नाही. खुर्ची सरकल्याचाही आवाज आला नाही.

पट्टी पुन्हा खाली आली. तिने अंगठा वर नेला.