नावाड्याला हरवायचं कसं

मेहुण्यांनी आल्याआल्या विचारलं, की या गेममध्ये गेमप्ले नेमका कुठे आहे.

मेहुणे म्हणजे मालकांचे मेहुणे. कागदोपत्री ते सल्लागार होते. पण मालक त्यांना मीटिंगमध्येही 'मेहुणे' म्हणत, त्यामुळे सगळी कंपनीच म्हणू लागली, अगदी त्यांच्या निम्म्या वयाच्या मुलीसुद्धा. मालक पूर्वी फरश्या विकत. फरशी आणि व्हिडिओ गेम यांत त्यांना फारसा फरक दिसत नसे. दोन्हींच्या खाली काय भरलंय ते गिऱ्हाइकाला कळलं नाही म्हणजे झालं. आणि मेहुणे कुठल्याशा परिषदेत जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसून आले होते, त्यामुळे ते तज्ज्ञ होते.

गेम होता रोल-प्लेइंग. म्हणजे आपण जे नाही ते आहोत असं समजून वागायचं. मेहुण्यांना ते उपजतच येत असे. या गेमात खेळणाऱ्याने एका हद्दपार शिपायाचं सोंग घ्यायचं, मुलूखभर हिंडायचं, आणि वाटेत जो भेटेल त्याच्याशी बोलायचं किंवा त्याला मारायचं. मारण्याचा भाग मिस्त्रींकडे होता. ते खरे प्रोग्रामर, पण बिघडलेलं काहीही त्यांच्याच टेबलावर येऊन पडे म्हणून मिस्त्री. बोलण्याचा भाग लेखिकेकडे होता. तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत.

मेहुण्यांची व्याख्या सुटसुटीत होती. बटण दाबलं तिथे गेमप्ले, बाकी बडबड. तलवार मारणं गेमप्ले. मेलेल्याच्या अंगावरून चिलखत उतरवणं गेमप्ले. ते पिशवीत मावत नाही म्हणून जुनं विकणं, आणि उरलेल्या वस्तू वजनाप्रमाणे लावत बसणं, हा तर साजूक तुपातला गेमप्ले. बाईंनी विचारलं, की मेहुण्यांना घरी कपाट आवरताना कोणी पाहिलंय का. मालक म्हणाले, नाही. त्यांच्याकडे ही माहिती सासूबाईंकडून आलेली होती.

"तुमचे संवाद म्हणजे कच्चं लिंबू हो, बाई," मेहुणे म्हणाले. "खेळात घेतलंय, पण आउट झालं काय, न झालं काय, धरतंय कोण?"

बाईंना बाकीच्या संवादांचं फारसं सुतक नव्हतं. बहुतेक त्यांनी जांभया देतच लिहिले होते. सराफ, सरदार, शापित राजकन्या, सगळे एकाच तोंडाने बोलत. जीव अडकला होता तो फक्त नावाड्यात.

हा नावाडी गेमच्या मध्यावर नदीकाठी बसलेला असे. त्याला मारलं तर नदी ओलांडायला त्याची नाव मिळे. पण खेळणाऱ्याने हातातला कंट्रोलर खाली ठेवला आणि शिपाई नुसता शेजारी बसून राहिला, तर नावाडी बोलू लागे. अडखळत, मध्येच गप्प होत. आणि बोलणं संपलं की उठून नदीचा उतार दाखवी, जिथून पायी जाता येतं. नाव लागतच नाही, हे ऐकणाऱ्यालाच कळे.

हे बाईंनी घरून आणलं होतं. त्यांचे वडील आजारपणानंतर तुटक बोलत. वाक्यात मध्येच थांबत. थांबा लांबला की घरातलं कोणी ना कोणी शब्द पुरवी. पाणी? पंखा? उशी? असं झालं की वडील डोळे मिटून घेत आणि वाक्य पहिल्यापासून सुरू करत. मुलगा, सून, शेजारी, सगळे मदत करकरून थकले होते. आपण गप्प बसावं हे बाईंच्याही फार उशिरा लक्षात आलं, आणि गप्प बसल्यावर कळलं, की वडील पंखा मागतच नव्हते. ते एक किस्सा सांगत होते, आणि तो बऱ्यापैकी चावट होता.

तर मेहुण्यांनी शास्त्रीय पद्धत आणली. कुठे किती वेळा बटण दाबलं जातं ते मोजणारी सोय त्यांनी मिस्त्रींकडून करवून घेतली, आणि कॉलेजच्या पोरांना फुकट सँडविच देऊन खेळायला बसवलं. पोरं खेळत होती तेव्हा मेहुणे तिथे नव्हते. निरीक्षणाने मत दूषित होतं, असं ते म्हणत.

आकडे आले आणि मीटिंगमध्ये मेहुणे उभेच राहिले. सगळ्यात जास्त बटणं लढाईत नव्हे, संवादांत दाबली गेली होती. दुप्पट, तिप्पट. राजकन्येच्या शापात तर बटण तुटायचं बाकी होतं.

"बाई, मी चुकलो," मेहुणे म्हणाले. "लोक तुमच्यावर तुटून पडलेत."

मिस्त्रींनी बाईंकडे पाहिलं. पोरांनी बटण कशासाठी दाबलं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं: राजकन्येचं तोंड लवकर बंद व्हावं म्हणून. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. संवाद कात्रीतून वाचत होते, त्यांच्याबरोबर नावाडीही वाचत होता, आणि सत्य काय, ते कुठे पळून जात नव्हतं. शिवाय त्यांना त्या दिवशी खिडकीजवळचं टेबल मिळालं.

पण मूर्खपणा एकदा कामाला लागला की तो सुट्टी घेत नाही. दाबण्याने गेमप्ले होतो, तर जास्त दाबण्याने जास्त होईल, या हिशोबाने मेहुण्यांनी सगळी वाक्यं तोडायला लावली. एका पडद्यावर एक शब्द. 'महाराज', बटण, 'मी', बटण, 'शापित', बटण, 'आहे', बटण. आणि मग आकड्यांतून बोट फिरवता फिरवता ते नावाड्यापाशी आले. तिथे शून्य होतं. जी थोडी पोरं तिथे बसून राहिली होती त्यांनी काहीच दाबलं नव्हतं. एक तर म्हणे सँडविच खायचंही विसरला होता. पण सँडविच मोजण्याची सोय नव्हती.

"हा काढा," मेहुणे म्हणाले.

तेव्हा बाई बोलल्या. संवादांतले आकडे ऐकण्याचे नाहीत, टाळण्याचे आहेत, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. मिस्त्रींनी मान हलवली. मालक खुर्चीत सरळ झाले. खिडकीजवळचं टेबल गेलं, असं बाईंनी मनात धरूनच टाकलं.

मेहुणे किंचितही हलले नाहीत. "टाळणं हासुद्धा गेमप्लेच आहे," ते म्हणाले. मालकांनी हे वाक्य लिहून घेतलं.

पण नावाड्यावर त्यांनी दया केली. त्याला ठेवू, मात्र खेळणाऱ्याच्या हाताला काम पाहिजे. त्यासाठी त्यांनी एक 'हं' बटण शोधून काढलं. गोष्ट ऐकणारा 'हं, हं' करतो ना, तसं. दाबलं की शिपाई 'हं' म्हणेल आणि नावाडी पुढे बोलेल. जितके हं तितके पॉइंट.

बाई हे घेऊन मिस्त्रींच्या टेबलाशी गेल्या. हं म्हणायला त्यांची ना नव्हती, वडिलांनाही तो लागे. फक्त कधी म्हणायचा, याला महत्त्व होतं. त्यांनी विचारलं, की हं वाक्य संपल्यावर आला तर नावाडी पुढे जाईल, आणि मध्येच आला तर डोळे मिटून पहिल्यापासून सुरू करेल, असं करता येईल का.

"करता येईल," मिस्त्री म्हणाले. "पण लोक शिव्या घालतील."

"घालू देत. दाबतील ना?"

मेहुण्यांना सांगितलं, की या बदलाने बटणं बरीच वाढतील. त्यांनी पुढचं ऐकलंच नाही.

गेम बाजारात गेला आणि शिव्यांचा पाऊस पडला. ड्रॅगन लोळवलेले, राक्षसांच्या पलटणी कापलेले वीर नदीकाठी येऊन बसत, वाक्याच्या अर्ध्यात 'हं' दाबत, आणि नावाडी डोळे मिटून पुन्हा पहिल्या शब्दावर येई. मारायला जावं तर नावेला भोक, ही भर मिस्त्रींनी स्वतःच्या खात्यातून घातली होती. आकडे छताला लागले. नावाडी हा या गेममधला सगळ्यात अवघड शत्रू आहे, असं लोकांनी एकमताने ठरवलं. त्याला हरवायचं कसं, यावर व्हिडिओ निघाले. सगळ्यांचं सार एकच: मध्येच काही दाबू नका, वाक्य संपेपर्यंत तो बोलतो ते ऐका. हे ऐकून प्रेक्षक थक्क होत. ही युक्ती कोणाला सुचली असेल, असं खाली विचारत. नावाडी सांगतो तो किस्सा काय होता, ते मात्र कोणी विचारत नसे.

मेहुण्यांनी पुढच्या परिषदेत 'मौनाचा गेमप्ले' या विषयावर भाषण दिलं, आणि या वेळी ते जेवणानंतरही थांबले.

मग मालकांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. गेमचा पुढचा भाग बाजारात आणायचा होता. इतका गाजलेला शत्रू नुसता बसून राहतो हे त्यांच्या फरशीच्या अनुभवात बसत नव्हतं. शेजारीच बसलेल्या मेहुण्यांनी त्याला शस्त्र सुचवलं होतं. बाईंनी खुर्ची पुढे ओढली. नावाडी होता तसाच राहावा, एवढ्यासाठीच तर त्या हे सगळं करून बसल्या होत्या.

"मला असं म्हणायचंय, की त्या नावाड्याच्या हातात तलवार..."

"हं, हं," मालक म्हणाले. "मोठी देऊ."

बाईंनी डोळे मिटले. मालकांनी घड्याळाकडे पाहिलं, मेहुण्यांकडे पाहिलं.

"मला असं म्हणायचंय," बाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली.