अप्पांचा हात

नागेशने देव्हाऱ्यातला नारळ उचलला, शेंडीखेरीज उरलासुरला काथ्या नखांनी ओरबाडून काढला आणि लेकीने बनवलेल्या यंत्राच्या पंज्यावर तो आडवा ठेवला.

"हं. आता अप्पास्नी इचार."

वृषालीने आईकडे पाहिले. संजीवनी ओसरीच्या कडेला डाळिंब सोलत बसली होती.

"माज्याकडं काय बघती? माजं लगीनसुदीक त्या हातानंच ठरलंय. दोन पोरींचं फोटू हुतं, नारळ माज्यावर उठला. त्याचीच फळं सोलतीय."

नागेशने ते ऐकले नाही. लग्नाला वीस वर्षे झाली की हे आपोआप जमते.

अप्पा म्हणजे नागेशचे वडील. पाणाड्या. तळहातावर नारळ घेऊन रानातून चालायचे. नारळ उभा राहील तिथे बोअर. इंदापूर तालुक्यातल्या कितीतरी बोअरच्या जागा त्या तळहाताने नेमून दिल्या होत्या, आणि घरातली विहीर, सून, गोठ्याचे तोंड, हेही त्यानेच. चैत्रात अप्पा गेले. त्याआधीच्या थंडीत वृषालीने बारावीच्या प्रकल्पासाठी त्यांच्या हातावर तारांचा मोजा चढवून नारळ फिरवायची त्यांची लकब लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली होती. सदतीस सेकंद. बटण दाबले की टेबलावरचा हा पत्र्याचा हात तेवढेच करी. डावीकडून उजवीकडे फिरे, एकोणिसाव्या सेकंदाला मनगट उचली, नारळ उभा राही, मग पुन्हा आडवा.

"ते नुसतं रेकॉर्डिंग हाय, पप्पा."

"फोनात अप्पांचा आवाज हाय, तो मग कुणाचा? शेजाऱ्याचा?"

वाद घालायला वेळ नव्हता. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा पसंतीक्रम भरायची मुदत आज पाचला संपत होती. एकदा फॉर्म लॉक झाला की ब्रह्मदेवालाही उघडता येत नाही, असे बारामतीच्या सायबर कॅफेवाल्याने बजावले होते, आणि ब्रह्मदेव त्याच्याकडे रोज झेरॉक्सला येत असावा असा त्याचा सूर होता. नागेशला मेकॅनिकल हवे होते. चुलता संदेश बारामतीत मोबाइलचे दुकान चालवी. तो सकाळपासून फोनवरून कॉम्प्युटर, कॉम्प्युटर करत होता. वृषालीला रोबोटिक्स हवे होते.

"नवी शाखा हाय," नागेश म्हणाला. "पाच वर्सांनी कुत्रं इचारनार न्हाय. आन् मला एक सांग. हा हात पत्र्याचा, म्हंजी मेकॅनिकल. हलतोय तारांनी, म्हंजी इलेक्ट्रॉनिक्स. त्याला हुकूम देतोय कॉम्प्युटर. मग तुजा रोबोटिक्सवाला करतो काय?"

"तिघांची भांडनं मिटवतो."

"मग सरपंच हो की. त्याला फॉर्म लागत न्हाय."

वृषालीने वहीचे चार कागद फाडले, चार शाखांची नावे लिहिली आणि यंत्राभोवती अर्धवर्तुळात मांडली. मांडताना वडिलांकडे पाठ केली. मेकॅनिकल, कॉम्प्युटर, रोबोटिक्स, इलेक्ट्रॉनिक्स. एकोणिसाव्या सेकंदाला हात बरोबर तिसऱ्या कागदावर असणार होता. तिने दोन वेळा वीत टाकून मोजले.

लबाडी खरी, पण घराण्यातलीच. मोजा चढवताना अप्पांनी स्वतःच सांगितले होते.

"नारळ उठत नसतो, बाळे. मनगट उठतं. मी आदी रान बघतो, वारूळ बघतो, उंबर कुठं हाय ते बघतो. मंग नारळाला सांगतो." मग आवाज खाली आणून, "पर सात-आठ बारीला त्यो आपला आपुन उठला. म्या काय केलं न्हवतं."

त्या सात-आठ वेळांना अप्पा नारळावर अंगठा दोनदा आपटत. बाकीच्या वेळी नाही. लोकांना ती म्हाताऱ्याची खोड वाटे.

वृषालीने बटण दाबले.

हात मेकॅनिकलवरून गेला. नागेश पुढे झुकला. हात कॉम्प्युटरवरून गेला. ती मनात आकडे मोजत होती. सतरा. अठरा. एकोणीस.

मनगट उचललेच नाही. नारळ शहाण्या बाळासारखा पडून राहिला. हात रोबोटिक्स सोडून इलेक्ट्रॉनिक्सवर गेला, तिथून पुढे कोऱ्या टेबलावर. सदतीस सेकंद संपले. आता तो थांबायला हवा होता. तो फिरत राहिला, अप्पा उन्हात बांधावरून चालत तसा, घाई न करता. टेबलाच्या कडेवर वृषालीचा उजवा हात टेकलेला होता. त्यावर येऊन तो थांबला.

नारळ उभा राहिला. शेंडी थरथरत होती.

टक. टक.

संजीवनीच्या हातातले डाळिंब तसेच राहिले. नागेशने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पोरीच्या हाताखाली हाय म्हंत्यात," तो बायकोला म्हणाला.

"मला दिसतंय की. आता तुमी मदी उभं ऱ्हाऊ नगा."

"काय टाकू, पप्पा?" वृषालीने लॅपटॉप पुढे ओढला.

"मला काय इचारती? पानी तुज्या हाताखाली लागलंय."

तिने पहिल्या जागी रोबोटिक्स भरले. या वेळी वडिलांच्या डोळ्यांदेखत. चार वाजून चाळीस मिनिटांनी फॉर्म लॉक झाला. नागेशने नारळ पुन्हा देव्हाऱ्यात ठेवला, पायताण चढवले आणि बागेकडे निघता निघता पायरीवर थांबला.

"पन अंगठा झ्याक जमवलायस हां. हुबेहूब अप्पा."

"व्हय," वृषाली म्हणाली.

तो गेल्यावर ती खुर्ची ओढून यंत्रापुढे बसली. हातात पाच मोटरी होत्या. तीन दंडाला, एक मनगटाला, एक चारी बोटांना मिळून. सहावी मिळालीच नव्हती. अंगठा म्हणून तिने ॲल्युमिनियमच्या नळीचा तुकडा एमसीलने चिकटवून दिला होता, पंजा थोटा दिसू नये एवढ्यासाठी.

तिने तो दोन बोटांत धरून हलवून पाहिला. मग जोर लावून. तसूभरही हलला नाही.

तिने यंत्राचे बटण बंद केले. मग ते पुन्हा चालू करून ठेवले आणि आईला डाळिंब सोलू लागायला गेली.